वाऱ्याला आडोसा

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या सकाळी आमच्या दारात एक भले मोठे खोके येऊन पडले. घरात करंज्यांची घाई चालली होती. बायकांना वाटले, कोणीतरी दिवाळीची भेट पाठवली असावी. परंतु खोके उघडताच आतून निघाले काळ्या प्लास्टिकचे एक कवच, एक पारदर्शक काच, चार-दोन लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांची एक पिशवी. धाकट्या नातवाने ते आपल्या मोटारसायकलीसाठी मागवले होते. भाऊबीज आटोपली की मित्रांबरोबर कोकणातून थेट गोव्यापर्यंत गाडीवर जायचा त्याचा बेत होता.

या कवचाला म्हणतात फेअरिंग. शब्द मुळात जहाजबांधणीतला. जहाजाच्या अंगाला कोठेही अडथळा न राहील असा गुळगुळीत आकार देणे, हा त्यातला भाव. तेथून तो विमानांकडे गेला आणि विमानांकडून मोटारसायकलींकडे आला. पुष्कळ गाड्या कारखान्यातून येतात त्या याच्यावाचूनच. ज्याला दूरचा प्रवास करायचा तो हे कवच मागाहून विकत घेतो आणि घरी बसवतो.

मी चष्मा पुसून त्या पट्ट्या हातात घेतल्या तेव्हा नातू हसून म्हणाला, "आजोबा, राहू द्या. तुम्हाला यातले काय कळणार!"

मी काही बोलण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून त्याची आजी म्हणाली, "अरे, त्यांनाच विचार. आमच्या संसारातली पहिली मोठी खरेदी म्हणजे असलेच एक खोके होते!"

त्या खोक्याची हकीकत सांगायची तर आधी वाऱ्याची सांगायला हवी. कारण ही सारी गोष्ट वाऱ्यापासून सुरू होते.

घरात बसलेल्या माणसाला वारा म्हणजे झुळूक वाटते. मोटारसायकलीवर बसणाऱ्याला तो भिंतीसारखा भेटतो. याचा हिशेब सरळ आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि तो दाब सारून पुढे जाण्यासाठी इंजिनाला शक्ती लागते आठपट. ताशी १०० किलोमीटर वेगाने ताठ बसून जाणाऱ्या स्वाराच्या छातीवर आणि खांद्यांवर मिळून पंधरा-वीस किलोंचा रेटा सतत येत असतो. तासन् तास तो सहन करायचा म्हणजे हँडल घट्ट धरून ठेवावे लागते. मनगटे भरून येतात, मान आखडते. थंडीची तऱ्हा आणखीच निराळी. तापमापकात शून्य अंश असताना ताशी ९० किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला उणे १० अंशांची थंडी जाणवते.

या वाऱ्याशी माणसाने दोन प्रकारे झुंज घेतली. एक वारा कापण्याची आणि दुसरी त्याला आडोसा करण्याची. वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात, पण तशा त्या नाहीत. वारा कापायचा तो वेगासाठी. आडोसा करायचा तो माणसासाठी. फेअरिंगचा इतिहास म्हणजे या दोहोंतील पहिलीकडून दुसरीकडे झालेला प्रवास होय, आणि नवल असे की तो प्रवास मोठ्या कारखान्यांनी केलाच नाही. बाहेरच्या माणसांनी त्यांच्याकडून तो करवून घेतला.

आरंभ वेगापासूनच झाला. २८ नोव्हेंबर १९३७ या दिवशी जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या नव्या महामार्गावर एर्न्स्ट हेन्ने या स्वाराने बी.एम.डब्ल्यू. गाडीवर ताशी सुमारे २७९.५ किलोमीटर वेग गाठला. इंजिन अवघे ५०० घनसेंटिमीटरचे. गाडी आणि स्वार दोघेही एका कवचात जवळजवळ संपूर्ण झाकलेले. हा विक्रम १९५१ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. त्यावर्षी विल्हेल्म हेर्ट्स याने एन.एस.यू. गाडीवर ताशी २९० किलोमीटरची मजल मारली, तीही अशाच झाकलेल्या गाडीवर. मात्र या खेळात माणसे मरतही होती. इंग्लंडचा एरिक फर्निहाऊ १९३८ मध्ये हंगेरीत असाच विक्रम करायला गेला आणि तेथेच प्राणास मुकला.

महायुद्धानंतर हे कवच शर्यतींच्या मैदानात उतरले. इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो नावाचे गाव आहे. तेथे मोतो गुझ्झी कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी खुद्द कारखान्यातच एक वातबोगदा बांधला. गाडी, तिच्यावर खराखुरा स्वार आणि समोरून पंख्याचा प्रचंड झोत! जुलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने तेथे आपल्या शर्यतीच्या गाड्यांना पुढच्या चाकासकट झाकणारी कवचे तयार केली. इंग्रज प्रेक्षकांनी त्यांना नाव ठेवले 'डस्टबिन', म्हणजे कचऱ्याचा डबा. डबा म्हणा की काही म्हणा, त्यामुळे वेग वाढला यात शंका नव्हती.

पण समोरचा वारा कापणारी ही वस्तू आडवा वारा आला की शिडासारखी वागे. पुढचे चाक झाकलेले, त्यामुळे बाजूने झोत आला की तो नेमका पुढचा भाग ढकली आणि गाडी रस्ता सोडू पाही. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर ही कवचे शर्यतींतून बंद केली. पुढचे चाक उघडे राहिले पाहिजे आणि बाजूने स्वार दिसला पाहिजे, असा नियम झाला. आजही शर्यतीच्या गाड्या त्याच वळणाच्या असतात. या बंदीचे मर्म मला पुस्तकात वाचून समजले नाही. ते पुढे एका रस्त्यावर अंगावर शहारा आला तेव्हा समजले. पण ते यथाक्रम सांगेन.

साध्या स्वाराला आडोसा मिळावा असे त्या काळी कोणालाच वाटले नाही असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट या कारखानदाराने नोव्हेंबर १९५४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात 'ब्लॅक प्रिन्स' नावाची गाडी मांडली. इंजिन, मागचे चाक, स्वाराचे पाय, सारे काळ्याभोर कवचात झाकलेले. नेहमीच्या कपड्यांवर सभ्य गृहस्थाने शंभर मैल जावे आणि उतरल्यावर त्याच्या विजारीला तेलाचा डाग नसावा, अशी व्हिन्सेंटची कल्पना. परंतु कंपनी आधीच आर्थिक अडचणीत होती. कवचाचे भाग वेळेवर मिळेनात. गिऱ्हाइकांना तर गाडीचे इंजिन दिसल्यावाचून ती गाडीच वाटेना. डिसेंबर १९५५ मध्ये व्हिन्सेंटच्या मोटारसायकली बंद झाल्या.

त्यानंतर रॉयल एन्फिल्डने एका मोटारसायकल साप्ताहिकाच्या सहकार्याने असाच एक प्रयोग केला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'एअरफ्लो' नावाने फेअरिंगसह गाड्या बाजारात आणल्या. प्रयोगासाठी घेतलेली गाडी कोणती? तर ३५० ची बुलेट! जी बुलेट १९५५ पासून मद्रासेत जुळू लागली आणि आपल्या फौजेच्या व पोलिसांच्या हाती आली, तीच ही. आमच्या लहानपणी साताऱ्यात फौजदार बुलेटवरून गेला की गल्लीतली पोरे मागे धावत. तिचे बिनकवचाचे, उघडेबोडके रूपच आम्हाला खरे वाटे. तिच्या इंग्लंडमधल्या बहिणीने वाऱ्याविरुद्ध अंगरखा घालून पाहिला होता, हे मला फार उशिरा कळले.

मग चित्र पालटले ते कशामुळे? माझ्या मते एका पदार्थामुळे. युद्धापूर्वी कवच करायचे म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा कसबी कारागिराने ठोकून वळवायचा, नाहीतर लाखो रुपयांचे दाबयंत्र आणि साचे आणायचे. युद्धानंतर काचतंतूंचे कापड आणि राळ बाजारात आली. लाकडाचा किंवा प्लास्टरचा साचा करावा, त्यात कापडाचे थर घालावे, ब्रशने राळ माखावी आणि वाळू द्यावे. एखाद्या गणपतीच्या कारखान्यात चालावे तसे हे काम. त्यासाठी भांडवल लागत नाही, जागा थोडी पुरते. ज्याच्या डोक्यात आकार आहे आणि हातात चिकाटी आहे, असा कोणीही माणूस आता मोठ्या कारखान्याला न जमलेली वस्तू करू शकत होता.

असा एक माणूस अमेरिकेत इलिनॉय राज्यात निघाला. त्याचे नाव क्रेग व्हेटर. इलिनॉय विद्यापीठात औद्योगिक आकृतिशास्त्र शिकलेला हा तरुण स्वतः मोटारसायकलीवर फिरे. १९६६ मध्ये त्याने फेअरिंगचा छोटा धंदा सुरू केला. तेव्हा अमेरिकेत महामार्गांचे नवे जाळे पसरत होते आणि अंतरे अफाट होती. तिकडचे स्वार हँडलावर एक उभी काच बांधत आणि समाधान मानीत. १९६९ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने वटवाघळाच्या पंखांसारखी फेअरिंग आणली, तीही हँडलाबरोबर वळणारीच. हँडलावर बांधलेल्या काचेचा दोष असा की वाऱ्याचा प्रत्येक धक्का हँडलाला बसतो. स्वार जे करतो तेच वाराही करू पाहतो!

व्हेटरने आपले कवच हँडलावर न बांधता गाडीच्या सांगाड्याला बांधले. हँडल आतल्या आत मोकळे वळे आणि वाऱ्याचा भार सांगाड्यावर जाई. १९७१ च्या सुमारास त्याने 'विंडजॅमर' आणली. विंडजॅमर म्हणजे जुन्या काळची शिडाची मोठी जहाजे. वाऱ्याविरुद्धच्या कवचाला वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजाचे नाव, ही एक मौजच. तिचे खरे चातुर्य निराळे होते. कवच सर्वांना एकच, फक्त बांधायच्या पट्ट्या प्रत्येक गाडीसाठी वेगळ्या. होंडा असो, कावासाकी असो, पट्ट्या बदला आणि तेच कवच चढवा. त्यात स्वतःचा दिवा, बाजूला सामानाचे खण, पायांना आडोसा. पुढे काचतंतू जाऊन ए.बी.एस. प्लास्टिक आले आणि रँटूल नावाच्या छोट्या गावातल्या त्या कारखान्यातून ही कवचे अमेरिकाभर जाऊ लागली.

रँटूल हे गाव मला चांगले ठाऊक आहे. १९७३ मध्ये मी उच्च शिक्षणासाठी याच इलिनॉय विद्यापीठात गेलो. रँटूल तेथून पंधराएक मैलांवर. मोटारगाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून एका जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून जुनी होंडा ७५० घेतली. चार सिलिंडरांची, दणकट, आणि अर्थात बिनकवचाची. १९७५ मध्ये साताऱ्यास येऊन लग्न केले आणि पत्नीला घेऊन परत गेलो.

१९७६ च्या दिवाळीला शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता. अंतर सव्वाशे-दीडशे मैल. ऑक्टोबरच्या अखेरची थंडी, मक्याची कापलेली सपाट शेते आणि त्यांवरून सुटलेला वारा. मी चामड्याचे जाकीट घातलेले. ती मागे, दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून, मांडीवर चिवड्याचा डबा धरून बसलेली. पोहोचल्यावर दारात पणत्या लावायचे काम बायकांकडे होते. तिने काडी ओढायला घेतली, तर बोटे वळेनात. दोन काड्या हातातून पडल्या. कोणीतरी दुसरीने पणत्या लावल्या. ती काही बोलली नाही, पण परतीच्या वाटेवर थांबलो तेव्हा एवढेच म्हणाली, "तुमच्या गाडीला पुढे काही आडोसा नाही का करता येत?"

त्या एका वाक्याने मला लाज वाटली. यंत्रशास्त्राचा विद्यार्थी मी. वाऱ्याची समीकरणे फळ्यावर सोडवीत होतो आणि पाठीमागच्या माणसाची बोटे गारठत होती याचा पत्ता नव्हता.

हिवाळाभर पैसे साठवले आणि मे १९७७ मध्ये विंडजॅमरचे खोके घरी आले. ती सूचनांचा कागद वाची आणि मी पाने चालवी. पहिल्याने गाडीचा मूळ दिवा काढायचा. मग सांगाड्याला पट्ट्या बांधायच्या. बोल्ट आधी सैलच ठेवून कवच चढवायचे, मधोमध आणायचे आणि मगच आवळायचे. हँडल डावीकडे पूर्ण वळवून पाहायचे, उजवीकडे पूर्ण वळवून पाहायचे. कोठे घासता कामा नये, कोठे तार अडकता कामा नये. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्याचा झोत नीट करायचा. काचेची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली हवी. म्हणजे पावसात काच भरली तरी वरून दिसते. शेवटची सूचना तिने वाचली: पहिल्या शंभर मैलांनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. मी म्हणालो, "असे सगळेच कंपनीवाले लिहितात." आणि हत्यारे गुंडाळून ठेवली.

जूनमध्ये आम्ही दोघे उत्तरेकडे निघालो. छातीवरची भिंत नाहीशी झाली होती. मागून तिचा आवाज साध्या बोलण्यासारखा ऐकू येत होता. संसाराला दोन वर्षे झाली होती, पण चालत्या गाडीवर आम्ही गप्पा मारल्या त्या त्या दिवशी प्रथम. तेवढ्यात एक अवजड ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्यामागचा आडवा झोत आला मात्र, हँडल माझ्या हातात थरथरू लागले. थरथर वाढून गाडीचे पुढचे अंग डावी-उजवीकडे झुलू लागले. वेग ताशी ६० मैल. ब्रेक दाबला असता तर आज हा लेख लिहायला मी उरलो नसतो. नशिबाने हात सैल ठेवण्याची बुद्धी झाली. वेग हळूहळू उतरला आणि गाडी कडेला आली.

खाली वाकून पाहिले. उजवीकडचा खालचा बोल्ट गळून पडला होता, वरचा अर्धा सुटला होता. शिवाय सारी हत्यारे मी एकाच बाजूच्या खणात कोंबली होती. १९५७ ची ती बंदी कशासाठी आली असेल हे मला तेथे, त्या रस्त्याच्या कडेला समजले. आडोसा आणि शीड यांच्यात अंतर असते ते चार बोल्टांचे!

तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. तोच सूचनांचा कागद. घरून निघताना तिने तो बरोबर घेतला होता. रागाचा एक शब्द नाही. दोरीने कवच आवळून आम्ही हळूहळू पुढच्या गावात गेलो आणि एका लोखंडी सामानाच्या दुकानातून काही सेंटांचा बोल्ट घेतला. त्या दिवसापासून दर शंभर मैलांनी पाने हातात घ्यायची सवय मला लागली.

नोव्हेंबरात पुन्हा दिवाळी आली आणि पुन्हा आम्ही शिकागोस गेलो. त्या वेळी पणत्या तिनेच लावल्या. दारातून वारा येत होता, तेव्हा पदराचा आडोसा करून एकेक ज्योत तिने स्थिर होऊ दिली. मी दुरून पाहत होतो. हेन्नेच्या विक्रमापासून मोतो गुझ्झीच्या बोगद्यापर्यंत कोणाला जे सुचले नव्हते, ते किती जुने आणि किती साधे होते!

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आमच्यासारख्या हजारो लोकांनी मागाहून कवचे बसवली तेव्हा कुठे मोठे कारखाने जागे झाले. १९७५ मध्ये विक्रीस आलेली होंडाची 'गोल्ड विंग' ९९९ घनसेंटिमीटरची लांब पल्ल्याची गाडी, पण तिलाही पुढे आडोसा नव्हता. १९७६ मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने पिनिनफारिनाच्या वातबोगद्यात घडवलेल्या फेअरिंगसह आर १०० आर.एस. आणली, सर्रास विकल्या जाणाऱ्या गाडीला कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग मिळाली ती ही. १९८० मध्ये होंडानेही फेअरिंग आणि सामानाच्या पेट्यांसह 'गोल्ड विंग इंटरस्टेट' काढली. व्हेटरने १९७८ मध्येच आपली कंपनी विकली होती. त्याचा विचार जिंकला आणि त्यामुळेच त्याचा धंदा सरला. पण तो स्वस्थ बसला नाही. १९८० ते १९८५ या काळात त्याने कमी इंधनात जास्त अंतर जाण्याच्या स्पर्धा भरवल्या. १९८५ च्या विजेत्या गाडीने एका गॅलनात ४७० मैल, म्हणजे लिटरला सुमारे २०० किलोमीटर मजल मारली. वारा कापण्याची विद्या विक्रमासाठी जन्मली होती. ती आता इंधन वाचवायला लागली.

आपल्याकडेही हे वारे आले. २००३ ची करिझ्मा, २००७ ची पुण्याची पल्सर २२०, या गाड्या कारखान्यातूनच अर्धे कवच घेऊन निघाल्या. तरीही ज्याला आपल्या उंचीचा, आपल्या वाटेचा आडोसा हवा, तो अजून खोके मागवतो, आणि ते मला आवडते. कारखाना सर्वांसाठी गाडी करतो; आपल्यामागे कोण बसणार आहे ते आपल्यालाच ठाऊक असते.

धनत्रयोदशीच्या दुपारी नातवाने आणि मी मिळून ते कवच चढवले. हँडल दोन्हीकडे वळवून पाहिले, दिव्याचा झोत कंपाउंडच्या भिंतीवर नीट केला. अंधार पडू लागला तसा मी हात धुवायला उठलो. ओटीवर त्याची आजी पणत्या मांडीत होती. एका ज्योतीवर हात धरून ती म्हणाली, "शंभर किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळ हो. नाहीतर तुझ्या आजोबांना विचार काय होते ते!"

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली आणि सूचनांचा कागद घडी करून त्याच्या खिशात घातला.